बाकावरून कोर्टात : ‘उद्धटपणा’ कोणाचा ठरतो? (लेखांक ४)

अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्यात ‘शाळेत व्यत्यय आणणे’ हा विद्यार्थ्यांसाठीही फौजदारी गुन्हा होता. ऑक्टोबर २०१५ मध्ये कोलंबियातल्या स्प्रिंग व्हॅली हायस्कूलमध्ये बीजगणिताच्या तासाला एका कृष्णवर्णीय मुलीच्या हातात मोबाइल दिसला. बाहेर जायला सांगितल्यावर ती जागची हलली नाही. मग शाळेत नेमलेला पोलीस आला. त्याने तिला बाकासकट मागे उलथवले आणि फरशीवरून फरपटत नेले. तिच्या बाजूने ओरडणाऱ्या, मोबाइलवर चित्रण करणाऱ्या वर्गमैत्रिणीलाही अटक झाली. पालकांना बोलावून मिटली असती अशी ही गोष्ट. पुढे आरोप मागे घेतले गेले आणि पोलिसाची नोकरी गेली, पण तोवर दोन शाळकरी मुलींच्या हातांत बेड्या पडून गेल्या होत्या.

शाळेत पोलीस आणि कडक नियम यांचे प्रस्थ वाढले ते १९९० च्या दशकात. १९९४ च्या केंद्रीय कायद्याने बंदूक आणणाऱ्या विद्यार्थ्याला किमान वर्षभर शाळेबाहेर काढणे राज्यांना भाग पाडले. बंदुकीसाठी केलेली ही सक्ती ‘झिरो टॉलरन्स’ या नावाखाली किरकोळ खोड्यांपर्यंत झिरपली.

तिचा भार सगळ्यांवर सारखा पडला नाही. २०१३-१४ मध्ये सरकारी शाळांत कृष्णवर्णीय मुले १५.५ टक्के होती. निलंबित होऊन घरी बसलेल्यांत मात्र ३९ टक्के. ‘ती मुलेच जास्त दंगेखोर असतील’ हे यावरचे ठरलेले उत्तर. टेक्सासमधला २०११ चा अभ्यास ते खोडून काढतो. तिथे सुमारे दहा लाख मुलांची सातवीपासून बारावीपर्यंतची नोंद तपासली गेली. कायद्याने सक्तीची अशी कारवाई जेमतेम ३ टक्के निघाली. बाकी सारी शाळेच्या मर्जीवरची. या मर्जीच्या कारवाईची शक्यता कृष्णवर्णीय मुलांच्या बाबतीत ३१ टक्क्यांनी जास्त होती, आणि तीही घरची परिस्थिती, गुण, हजेरी अशा ८३ बाबी हिशेबात धरून.

मर्जी म्हणजे नेमके काय, हे रसेल स्किबा आणि सहकाऱ्यांच्या २००२ च्या शोधनिबंधात दिसते. गोऱ्या मुलांना मुख्याध्यापकांकडे पाठवण्याची कारणे होती धूम्रपान, मोडतोड, न विचारता निघून जाणे, शिवीगाळ. कृष्णवर्णीय मुलांची कारणे होती अनादर, जास्त आवाज, धमकी, रेंगाळणे. सिगारेटचे थोटूक किंवा फुटलेली काच दाखवता येते. अनादर दाखवता येत नाही. तो शिक्षकाला वाटावा लागतो. सगळा अन्याय या वाटण्यात शिरतो.

घरी बसलेल्या मुलाचा अभ्यास मागे पडतो, दिवस रस्त्यावर जातो, पुढच्या चुकीला ‘हा तोच’ म्हणून जास्त शिक्षा होते. टेक्सासच्या त्याच अभ्यासात मर्जीची शिक्षा झालेल्या मुलाचा पुढच्या वर्षभरात बालन्याय यंत्रणेशी संबंध येण्याची शक्यता जवळपास तिप्पट आढळली. बालन्यायालयात उभ्या राहणाऱ्या मुलाला वकील मिळण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये दिला. शाळेतल्या मुलाला १९७५ च्या ‘गॉस विरुद्ध लोपेझ’ निकालाने आरोप कळण्याचा आणि आपली बाजू मांडण्याचा हक्क मिळाला, पण दहा दिवसांपर्यंतच्या निलंबनाला मुख्याध्यापकांशी दोन मिनिटांचे बोलणेही पुरते. इतका तोकडा हक्क लहान मुलाच्या काय कामाचा?

उपाय डळमळीतच राहिले. वांशिक भेदभाव टाळण्याबद्दल ओबामा सरकारने २०१४ मध्ये शाळांना दिलेल्या सूचना डिसेंबर २०१८ मध्ये मागे घेतल्या गेल्या. कॅलिफोर्नियाने मूळ शब्दालाच हात घातला. ‘मुद्दाम अवज्ञा’ या कारणावरून निलंबन करणे तिथे आधी तिसरीपर्यंतच्या मुलांसाठी बंद झाले आणि २०२३ च्या कायद्याने ही बंदी बारावीपर्यंत गेली. वरच्या इयत्तांसाठी तिची मुदत २०२९ पर्यंतच आहे. साउथ कॅरोलिनानेही २०१८ मध्ये कायदा बदलला. शाळेतल्या विद्यार्थ्यांना ‘व्यत्यया’च्या गुन्ह्यातून वगळले गेले.