पृष्ठाने काढलेले स्वतःचे चित्र

कला शाखेत राहून गणित घेतले, म्हणून मला दोन्हीकडून ऐकावे लागते. मित्र म्हणतात, वाट चुकलास, वडील विचारतात, "यानं नोकरी लागंल का?" आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, तेव्हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याला मजजवळ उत्तर नाही. हा लेख दुसऱ्या एका प्रश्नाविषयी आहे.

गणित मंडळाच्या सभेत मी ठासून सांगितले होते की, जनरल टाइपच्या कोणत्याही पृष्ठाचे कॅनॉनिकल चित्र काढले की ते पृष्ठ ओळखता येते. सरांनी एवढेच विचारले, "गोदोच्या पृष्ठाचं काय?" मी खाली बसलो.

बैजिक पृष्ठ म्हणजे बहुपदी समीकरणांनी ठरणारी द्विमितीय आकृती; मात्र संख्या संमिश्र घ्यायच्या. एकच पृष्ठ निरनिराळ्या समीकरणांचे कपडे घालून येऊ शकते. मग आतला इसम कोण, हे ओळखायचे कसे? इटलीतील कास्तेलनुओव्हो आणि एन्रिक्वेस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पृष्ठांची वर्गवारी केली, कोदाइरा यांनी १९६० च्या दशकात ती विस्तारली. चार मोठे वर्ग झाले. पहिल्या तिघांची नावनिशी बरीच लागली. चौथा 'जनरल टाइप', म्हणजे फॉर्मवरचा 'इतर' हा रकाना; आणि बहुतेक पृष्ठे त्यातच!

प्रत्येक पृष्ठावर कोठेही न तुटणारी काही 'द्विरूपे' असू शकतात. क्षेत्र मोजण्याची सूत्रे म्हणा. त्यांतील परस्परांपासून स्वतंत्र अशी जितकी, तितका पृष्ठाचा भौमितिक जीनस. त्याला ग म्हणू. ही रूपे बाहेरून आणलेली नसतात, पृष्ठाच्या अंगचीच असतात. एका बिंदूपाशी त्यांची परस्पर गुणोत्तरे घेतली की (ग − १) मितींच्या अवकाशात एक बिंदू मिळतो. सर्व बिंदूंचे असे केले की झाले कॅनॉनिकल चित्र. त्रिमित अवकाशातील पाचव्या घाताच्या गुळगुळीत पृष्ठाचा जीनस ४ असतो आणि चित्र म्हणून तेच पृष्ठ जसेच्या तसे परत मिळते. या उदाहरणावरच मी भाळलो होतो.

पण आरसा नेहमी इतका प्रामाणिक नसतो. चित्र कधी नुसता वक्र होते. कधी अनेक बिंदू एकावर एक पडतात; होरिकावा यांनी १९७६ मध्ये अभ्यासलेल्या पृष्ठांत दोन-दोन. असे किती पडू शकतील? बोव्हिल यांनी १९७९ मध्ये उत्तर दिले: फार तर ३६. हा हिशेब आपणही वहीत करू शकतो. दोन कॅनॉनिकल वक्र एकमेकांना जितक्या बिंदूंत छेदतात ती संख्या क धरू (पृष्ठ 'मिनिमल' घ्यायचे). १९७७ च्या सुमारास मियाओका व याउ यांनी सिद्ध केलेल्या असमतेवरून क ही ९(ग + १) च्या पुढे जात नाही. उलट, चित्र पृष्ठ असेल तर त्याचा घात निदान (ग − २) असतो. न बिंदू एकावर पडत असतील, तर न(ग − २) हे क पेक्षा मोठे नसते. म्हणून न(ग − २) ≤ ९(ग + १). चित्र पृष्ठ होण्यासाठी ग किमान ३ हवा. तेव्हा उजवीकडे ३६, डावीकडे नुसता न. ग ३० किंवा अधिक झाला की न नऊच्या वर जात नाही. हे पडताळले तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. प्रत्यक्ष ३६ गाठणारी पृष्ठे मात्र एकविसाव्या शतकात सापडली.

आता गोदो. १९३१ चे त्यांचे उदाहरण असे: चार चलांच्या पाचव्या घातांची बेरीज शून्य, हे पृष्ठ घ्यायचे आणि १ च्या पाचव्या मुळाने चले फिरवून पाच-पाच बिंदू एक मानायचे. क पाचाचा एक होतो आणि ग शून्य. एकही द्विरूप नाही! चित्र चुकीचे येते असे नव्हे, काढायला शाईच नाही.

यावर तोड १९७३ मध्ये बोंबिएरी यांनी पक्की केली. एकपट रूपांऐवजी पाचपट रूपे घ्या. मग जनरल टाइपचे प्रत्येक मिनिमल पृष्ठ आपल्या चित्रात खरे उमटते, फक्त काही ठराविक वक्र बिंदूत मिटतात. चारपटीने सर्वत्र भागत नाही. गोदोच्या पृष्ठाला पाचपट रूपे ११ मिळतात, म्हणजे चित्र दहा मितींत.

सर, एक सत्र उशिरा हे उत्तर देत आहे. मात्र त्या पृष्ठाच्या भावंडांची, म्हणजे ग शून्य व क एक असणाऱ्यांची, संपूर्ण यादी अद्याप कोणापाशी नाही.