स्पीकरची तार : लांबीचा हिशेब

नव्या घरात स्पीकरची तार भिंतीत बुजविण्यापूर्वीच तिचा हिशेब मांडावा. गिलाव्यानंतर बदल महागात पडतो. वीज एका तारेने जाते, दुसरीने परतते. म्हणून १० मीटर अंतरास २० मीटर तांबे धरावे. दीड चौरस मिलिमीटर तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.०१२ ओहम, म्हणजे एकूण ०.२४. स्पीकरवर लिहिलेल्या ओहमच्या ५ टक्क्यांहून हा वाटखर्च अधिक नसावा, असा व्यवहारातील दंडक आहे. ८ ओहमला मर्यादा ०.४, तेथे ही तार पुरेशी. ४ ओहमला ०.२, तेथे अडीच चौरस मिलिमीटरची घ्यावी. डाव्या-उजव्या तारांच्या लांबीत दोन-तीन मीटरचा फरक कानांस जाणवत नाही. जाडी योग्य असता भारी किमतीच्या तारेचा मोह आवरणे, हाच खरा नफा.