घाटात पद्मिनी अडली तर

कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी मे महिन्याच्या दुपारी कसारा घाटात आचके देत बंद पडली, तर पहिला संशय पेट्रोलच्या वाफेवर घ्यावा. कॅमशाफ्टवर चालणारा तिचा पंप इंजिनलाच बसवलेला असतो. चढणीला इंजिन तापते, पाइपातच पेट्रोलची वाफ होते, दाब पडतो आणि कार्ब्युरेटर कोरडा राहतो. गाडी कडेला घ्या, बॉनेट उघडा, अर्धा तास निवू द्या. पंपावर ओले फडके ठेवायची जुन्या ड्रायव्हरांची युक्ती आजही कामाला येते.

थंड गाडीतही हेच झाले तर दोष वेगळा. टाकीचे झाकण सैल करून पाहा. हवेचे छिद्र बुजले असेल तर गाडी लगेच सुधारते. मग फिल्टर. मग टाकीकडून येणारी रबरी नळी: तिच्या बारीक चिरेतून पेट्रोल ठिबकेलच असे नाही, पण पंप तिथूनच हवा ओढतो, म्हणून ही खोड सापडायला फार वेळ लागतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही, ते बदलाच. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर पंपाचा डायफ्राम फाटला असण्याची शक्यता मोठी. मग गाडी पुढे नेऊ नका, पातळ झालेल्या तेलाने बेअरिंग झिजतात.