वर्गात गलका कशाचा?



शाळेवरून जाताना वर्गातून आवाज आला, की काही मोठी माणसं म्हणतात, "गुरुजी वर्गात नाहीत वाटतं!" वर्ग चिडीचूप असला म्हणजे अभ्यास चालला आहे, असा आपला समज असतो. पण गप्प बसलेलं पोर शिकतंच असं नाही. "समजलं का?" असं विचारलं की सगळे एका सुरात "हो" म्हणतात. खरंच कुणाला समजलं आणि कुणी नुसती मान हलवली, हे त्या "हो"वरून कळत नाही. ते कळण्यासाठी मुलांच्या हाताला काम द्यावं लागतं आणि त्यांना बोलू द्यावं लागतं.

आता शेकडेवारीचंच घ्या. सूत्र पाठ करून घेता येतं. पण तेच ज्वारीवर करून पाहावं. चार-पाच मुलांचे गट करावेत. प्रत्येक गटानं घरच्या ज्वारीचे १०० दाणे आणावेत. (औषध लावलेलं बियाणं आणू नये.) ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडाव्यात, गुंडाळी करून सावलीत ठेवावी व रोज पाणी शिंपडावं. पाच-सहा दिवसांनी मोड आलेले दाणे मोजावेत. ८५ उगवले तर उगवण शेकडा ८५. पण एका गटाकडे ४० च दाणे होते आणि ३० उगवले, तर? आता डोकं चालवावं लागतं! उत्तर शेकडा ७५.

मग यात गुरुजींनी काय करायचं? काम कमी होत नाही, उलट वाढतं.

१) आधी अंदाज विचारावा. "किती उगवतील?" ते पाटीवर लिहून घ्यावं.

२) प्रश्न विचारल्यावर थोडं थांबावं. पहिला हात वर करणाऱ्यालाच दर वेळी विचारू नये. मागं बसणाऱ्यालाही सवड द्यावी.

३) उत्तर चुकलं तर रागावण्याआधी "कसं काढलंस, सांग बघू," असं म्हणावं. सांगता सांगता मुलाला आपली चूक आपोआप सापडते.

४) शेवटी सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर मांडून सूत्र समजावून द्यावं. हे राहिलं तर नुसता खेळ होतो.

ही रीत काही नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे ते कोसबाडला गेलं. हा भाग आज पालघर जिल्ह्यात आहे. तिथल्या आदिवासी मुलांसाठी महागडी साधनं कुठून आणायची? त्यांनी बिया, पानं, खडे, शिंपले यांचीच साधनं केली. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात नेली. तिला 'कुरणशाळा' म्हणत.

आपल्या शेजारच्या माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० साली त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळालं. साधन बियांचं असो की मोबाईलचं, पाहायचं एवढंच, की मूल स्वतः काही करतं का? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही मुलांनी कृतीतून, शोधातून आणि भीतीविना शिकावं, असंच म्हटलं आहे.

तेव्हा पालकहो, वर्गातून आवाज आला तर जरा दारात थांबून ऐका. भांडणाचा गोंधळ वेगळा आणि कामाचा गलका वेगळा. आणि रब्बीच्या पेरणीआधी घरच्या बियाण्याची उगवण आपल्या मुलालाच काढायला सांगा. वैरागच्या बाजारातून नवं बियाणं आणायचं की घरचं पेरायचं, हे ठरवायला त्याचं गणित तुमच्याही उपयोगी पडेल.