उतारावरची माणसे

स्वित्झर्लंडचे नाव काढले की आपल्याकडच्या मध्यमवर्गीय माणसाच्या डोळ्यांपुढे कॅलेंडर उभे राहते. हिरवे कुरण, गळ्यात घंटा बांधलेली गाय आणि मागे बर्फ. कॅलेंडर खोटे नाही, हे आधीच सांगून टाकते. मात्र ते हिरवेपण कोण राखतो, हे त्यावर छापलेले नसते. २०२५च्या जूनमध्ये आम्ही उभयता तिकडे गेलो, तेव्हा ते पाहायला मिळाले.

आमचा पहिला मुक्काम लाउटरब्रुनेनला. दोन्ही बाजूंना ताशीव कडे आणि गावाच्या डोक्यावर सुमारे ३०० मीटरांवरून कोसळणारा श्टाउबबाख धबधबा. १७७९ साली जर्मन महाकवी गटे येथे आला आणि हे पाणी पाहून त्याने कविता लिहिली. मराठीच्या प्राध्यापिकेला एवढे निमित्त पुरे होते. ह्यांना मात्र पाण्यापेक्षा गाड्यांची वेळापत्रके प्रिय! युंगफ्राउयोखला जाणारी आगगाडी आयगर पर्वताच्या पोटातून ३४५४ मीटरांवर चढते. १८९६ साली काम सुरू झाले, १९१२ साली ती वर पोचली. वर सगळेच फोटो काढतात, आम्हीही काढले. पायाशी आलेच ही आल्प्समधली सर्वांत मोठी हिमनदी पसरली होती. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडमधल्या हिमनद्यांचे दहा टक्के बर्फ वितळून गेले आहे. तरीही पाहणाऱ्याला ती अक्षय वाटते.

खरी गंमत खाली उतरल्यावर. आमच्या खिडकीसमोरच्या उतारावर एक म्हातारा-म्हातारी गवत कापत होती. यंत्र चढणार नाही अशी ती चढण. तो लांब दांड्याच्या विळ्याने कापी, ती दाताळ्याने ओढी. घरमालकीण म्हणाली, दरसाल कापले नाही तर त्या जागी आधी झुडपे येतात, मग रान. अशा उतारावर राबणाऱ्या शेतकऱ्याला सरकार अनुदान देते, आणि जितका उतार अवघड तितके ते जास्त. हिशेब खात्यात आयुष्य घालवलेले आमचे हे खूष झाले. “उताराला पगार! अगं, ऐकलंस का?”

तेथून दक्षिणेला निघालो. गाडी लोचबर्गच्या ३४ किलोमीटर लांबीच्या बोगद्यात शिरली तेव्हा डबा एकदम गप्प झाला, की मलाच तसे वाटले, कोण जाणे. वरच्या खोऱ्यातले ब्लाटेन गाव २८ मे रोजी, म्हणजे काही दिवसांपूर्वीच, हिमनदी कोसळून गाडले गेले होते. सुमारे तीनशे रहिवाशांना आधीच हलवले होते, गुरेही नेली होती. माणसे वाचली, एकाचा मात्र बळी गेला. गाव राहिले नाही.

मग १९०६चा सिंप्लॉन बोगदा, इटली, मिलान, जेनोआ आणि समुद्र!

चिंक्वे तेर्रे म्हणजे कड्याला बिलगलेली पाच गावे. रंगीत घरे सगळ्यांना ठाऊक आहेत. मी पाहत राहिले ते घरांवरचे द्राक्षमळे. समुद्रापासून वर, पायरीवर पायरी, आणि प्रत्येक पायरीला चुना-सिमेंटाशिवाय रचलेली दगडांची भिंत. आमच्या कोकणात याला गडगा म्हणतात. ह्यांच्या वडिलोपार्जित आगरातही असाच गडगा आहे, निम्मा ढासळलेला. ते आगर विकण्याचे मोठ्या दिरांनी ठरवले आहे. ह्यांची सही तेवढी राहिली आहे.

येथेही तरुण माणसे शहरात गेली, मळे पडीक पडले, भिंती फुटल्या. २५ ऑक्टोबर २०११ रोजी मुसळधार पाऊस झाला आणि डोंगराची माती व्हेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो या गावांत उतरली. व्हेर्नात्साच्या रस्त्यात ती चार मीटरांपर्यंत चढली होती. कवी मोंताले, ज्याला १९७५ साली नोबेल मिळाले, त्याच्या बालपणीचे उन्हाळे याच मोंतेरोस्सोत गेले.

रिओमाज्जोरेहून मानारोलाला जाणाऱ्या वाटेचे नाव ‘प्रेमाची वाट’. दरड कोसळल्यामुळे २०१२ साली ती बंद झाली, ती २०२४मध्ये पूर्ण उघडली. आता तिला तिकीट आहे आणि ठरलेली वेळही! वीस वर्षे संसार केलेल्या जोडप्याला प्रेमासाठी अर्धा तास नेमून मिळावा, याचे मला हसू आवरेना.

मानारोलाच्या वर एक वृद्ध गृहस्थ पडलेली भिंत लावत होते. हे उभे राहून पाहू लागले. भाषा दोघांनाही येईना. ह्यांनी एक दगड उचलून ठेवला. म्हाताऱ्याने मान हलवून तो काढला, फिरवला आणि लांब बाजू आत डोंगराकडे जाईल असा बसवला. मग दुसरा ह्यांच्या हाती दिला. तास गेला. माझे सूर्यास्ताचे फोटो काढून झाले, तरी ह्यांचे संपेना.

परतीच्या गाडीत हे बराच वेळ नखांतली माती काढत बसले होते.

“अगं, आपला वरचा गडगा किती हात असेल?”

“तीस-चाळीस. का हो?”

“काही नाही. दादाला म्हणावं, सहीची घाई करू नकोस.”