मुन्नाभाईचा बापू आणि जिन्यावरची थुंकी

माणूस वयाने वाढला, मिसरूड फुटले, दादागिरीत नाव कमावले आणि तरीही त्याला एक असा मित्र आहे, जो त्याच्याशिवाय कुणालाच दिसत नाही! हे कथासूत्र घेऊन १ सप्टेंबर २००६ रोजी राजकुमार हिरानी यांचा ‘लगे रहो मुन्नाभाई’ पडद्यावर आला. तो न दिसणारा मित्र म्हणजे मोहनदास करमचंद गांधी. भूमिका केली आपल्या दिलीप प्रभावळकरांनी, आणि त्यांना तिच्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. गंमत अशी की, याच प्रभावळकरांनी १९८२ च्या ‘एक डाव भुताचा’मध्ये एक मास्तर रंगवला होता, आणि त्या मास्तरला अशोक सराफांचे भूत भेटत असे. चोवीस वर्षांनी ते स्वतःच दुसऱ्याच्या डोक्यातले भूत झाले. कलावंत मोठा, यात वाद नाही. आमचा वाद वेगळा आहे.

मध्यंतरी आमच्या अंबाजोगाईतल्या एका वस्तीत, विहारासमोरच्या पटांगणात, पोरांनी पडदा लावून हा चित्रपट दाखवला. यातली निम्मी पोरे २००६ साली जन्मलीही नव्हती. चित्रपट संपल्यावर बोलायला म्हणून आम्हाला बोलावले होते. पण आम्ही बोलण्याआधी लोकच बोलले आणि ते आमच्यापेक्षा चांगले बोलले. त्या रात्रीची मते वाचकांपुढे ठेवावीत, म्हणून हा लेख.

कॉलेजातल्या पोरांना चित्रपट आवडला. हसून हसून बेजार झाली. त्यांचे म्हणणे साधे होते : सर, यात वाईट काय आहे? गुंड माणूस मारामारी सोडतो, खरे बोलतो, म्हाताऱ्यांना त्यांचे घर परत मिळवून देतो. एवढे झाले तर गांधी दिसला काय आणि आणखी कुणी दिसला काय! हे मत आम्ही झटकून टाकणार नाही. वैरभावाने वैर शमत नाही, हे आम्हाला गांधींनी शिकवलेले नाही. ते अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगून झालेले आहे. तेव्हा कुणी हात उगारण्याऐवजी फूल पुढे करत असेल, तर त्याच्यावर तुटून पडण्याचे आम्हाला कारण नाही.

पण मग नगरपालिकेतून निवृत्त झालेल्या एक आत्या उठल्या. त्यांनी उभी हयात झाडू मारण्यात काढली. चित्रपटात एक प्रसंग आहे. एका माणसाच्या दारासमोर शेजारी रोज पान खाऊन थुंकतो. मुन्ना रेडिओवरून सल्ला देतो की भांडू नको; तो थुंकला की हसून पुसून काढ. हा रोज पुसतो, रोज हसतो, आणि शेवटी थुंकणाऱ्याला शरम वाटते. टाळ्या! आत्या म्हणाल्या, “वकीलसाहेब, म्या बत्तीस वर्षं पुसलं. हसून बी पुसलं, रडून बी पुसलं. कुणाला शरम वाटली न्हाई. उलट ज्या दिवशी रजा घेतली, त्या दिवशी शिव्या खाल्ल्या.”

पटांगण शांत झाले. पाहिजे तर याला चित्रपट समीक्षा म्हणू नका, पण या चित्रपटावर एवढे धारदार आम्ही कुठल्याही मोठ्या पेपरात वाचलेले नाही. विचार करा. थुंकी पुसणारा पाहून थुंकणाऱ्याला लाज कधी वाटते? पुसणे हे पुसणाऱ्याचे काम नाही, असे थुंकणारा मानतो तेव्हा! आपल्या बरोबरीचा माणूस आपल्यामुळे वाकला, याची ती लाज असते. पण ज्याला वाकण्यासाठीच जन्माला घातले आहे असे व्यवस्था सांगते, तो वाकला तर लाज कशाची? ते तर रोजचेच दृश्य. हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ साली करावा लागला. तो पुरला नाही म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला. इतकी शतके ही माणसे पुसत होती, उचलत होती. हृदयपरिवर्तन व्हायचे असते तर कायद्याची गरजच पडली नसती. गांधीगिरीचा हा नुस्खा बरोबरीच्या माणसांत चालतो. जिथे बरोबरीच नाही, तिथे तो पुसणाऱ्याचे ओझे तेवढे वाढवतो.

आता कुणी म्हणेल, तुम्ही आंबेडकरवादी, तुम्हाला सत्याग्रहाचेच वावडे. साफ चूक! महाडचे चवदार तळे १९२७ चे, काळारामाचा सत्याग्रह १९३० चा. डिसेंबर १९२७ च्या महाडच्या परिषदेत मंडपात एकच तसबीर लावलेली होती आणि ती गांधींची होती, हे आमच्या नव्या पिढीला सांगितले तर विश्वास बसत नाही. १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह करून तुरुंग भरले. मराठवाड्यात गायरान कसणाऱ्यांच्या लढ्यातून २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय निघाला, ज्याने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचे मान्य केले. त्या निर्णयाची झेरॉक्स छातीशी धरून आजही माणसे आमच्या टेबलाशी येतात. ती गुलाबाची फुले घेऊन येत नाहीत. सातबारा, पीकपेरा, दंडाच्या पावत्या घेऊन येतात. आमचा सत्याग्रह हक्कासाठी होता आणि त्याच्या मागे कागद होता, कायदा होता. समोरच्याला ‘लवकर बरे व्हा’ म्हणून पुष्पगुच्छ पाठवण्याचा तो कार्यक्रम नव्हता.

आम्हाला या विनोदी चित्रपटाचे हसू आले नाही, त्याचे कारण कॅलेंडरमध्ये आहे. १ सप्टेंबरला चित्रपट लागला. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर या भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. नोव्हेंबर उजाडला. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात ‘लगे रहो मुन्नाभाई’ दाखवला गेला, आणि त्याच महिन्यात इकडे महाराष्ट्रभर आमची माणसे रस्त्यावर उतरली होती. त्या दिवसांत बाररूममध्ये एक सहकारी चहा पिता पिता आम्हाला म्हणाले, “तुम्ही लोकांनी जरा गांधीगिरी करायला पाहिजे.” माणूस वाईट नव्हता. नुकताच चित्रपट पाहून आला होता. आम्ही एवढेच विचारले की, सुरेखाताईंनी काय केले होते? त्यांनी पोलिसांपुढे खरी साक्ष दिली होती. खरे बोलणे ही तर मुन्नाच्या बापूची पहिली शिकवण! खरे बोलणाऱ्या मुन्नाला नायिका मिळाली. सुरेखाताईंना काय मिळाले? पुढे सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. जुलै २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीची शिक्षा पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलली. ॲट्रॉसिटी कायदा लागू होत नाही, असे दोन्ही न्यायालयांनी धरले. भैयालाल भोतमांगे २०१७ च्या जानेवारीत गेले. सहकाऱ्यांनी कप खाली ठेवला आणि विषय बदलला. लोकांच्या लेखी तो चित्रपट निखळ करमणूक असेल. आमच्यासाठी तेव्हापासून तो काळाकुट्ट विनोद आहे.

एवढे असूनही या चित्रपटात एक जागा आहे, जिला आम्ही प्रामाणिक मानतो. मुन्नाला जाहीर पत्रकार परिषदेत उघडे पाडले जाते. मानसोपचारतज्ज्ञ प्रश्न विचारतो. जे मुन्नाला ठाऊक आहे तेवढेच बापू सांगू शकतो. जे मुन्नाला ठाऊक नाही तिथे बापूची दातखिळी बसते. म्हणजे बापू बाहेर नाहीच, तो मुन्नाच्या डोक्यातला आहे, ‘केमिकल लोचा’ आहे. पुढे चित्रपट ही गोष्ट गोड करून टाकतो, पण सत्य सांगून गेलेला असतो! आता कळले का की या बापूला पुणे कराराबद्दल कुणी का विचारत नाही? २० सप्टेंबर १९३२ ला सुरू झालेल्या उपोषणाबद्दल का विचारत नाही? वर्णव्यवस्थेबद्दल का विचारत नाही? कारण मुन्नाला ते माहीत नाही, लेखकाला ते सोयीचे नाही आणि टाळ्या वाजवणाऱ्याला ते नको आहे. डॉ. जब्बार पटेलांच्या बाबासाहेबांवरील चित्रपटात मोहन गोखले यांनी गांधी उभे केले. तिथे गांधींच्या समोर बाबासाहेब आहेत, त्यामुळे गांधींना उत्तरे द्यावी लागतात. फरक नटाचा नाही. समोर बसून विचारणारा कोण, याचा आहे.

‘लोचा’ या शब्दावर त्या रात्री एक बहीण रडली. तिच्या भावाला आवाज ऐकू येतात. वस्तीतली पोरे त्याला ‘लोचा’ म्हणूनच हाक मारतात. चित्रपटातल्या मुन्नाला बापू दिसला तर सर्किटसारखा मित्र त्याला सांभाळून घेतो; हिच्या भावाला दोन वर्षे देवऋष्याकडे नेले, दोरीने बांधले. अमेरिकेत १९५० साली ‘हार्वे’ नावाचा चित्रपट आला होता. एका मध्यमवयीन माणसाचा मित्र असतो सहा फुटांहून उंच ससा, जो कुणाला दिसत नाही. तोही हसवतो, पण त्या माणसाच्या पाठीशी घर आहे, पैसा आहे. गरिबाला ससा दिसला तर त्याच्या वाट्याला दोरी येते. त्या बहिणीला आम्ही सर्वांसमोर सांगितले ते इथेही सांगतो : भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने शासकीय सेवेत उपचार मिळणे हा हक्क आहे. आता त्याला मेडिकलला नेतात. गोळ्या चालू आहेत, तो झोपतो, जेवतो. देवऋष्याला दिलेले पैसे मात्र गेले.

शेवटी एका अकरावीतल्या पोराने आम्हालाच पकडले. “सर, तुम्हाला बाबासाहेब दिसतात का?”

हसू उसळले, पण प्रश्न खोटा नव्हता. दिसतात! आपल्या प्रत्येकाला दिसतात, आणि आपण जे करू त्याला मान डोलावतात. निवडणुकीत एका गटाला दिसतात, दुसऱ्या गटाला दिसतात, दोघांनाही ‘तूच खरा’ म्हणतात. चौदा एप्रिलच्या डीजेपुढे नाचणाऱ्याला दिसतात आणि त्या डीजेच्या वर्गणीतून कमिशन खाणाऱ्यालाही दिसतात. आम्हालाही ते सोयीचेच दिसतात, हे कबूल केले पाहिजे. मुन्नाला निदान बापू दिसण्याआधी तीन दिवस, तीन रात्री ग्रंथालयात बसून वाचावे लागले होते. आपण तेवढेही करत नाही.

पोरगा हुशार. म्हणाला, मग गांधींबद्दल बाबासाहेबांनी काय लिहिले ते कुठे वाचायला मिळेल? आम्ही सांगितले, शासनाने १९७९ पासून काढलेल्या इंग्रजी खंडांतला नववा खंड घे. काँग्रेसने आणि गांधींनी अस्पृश्यांचे काय केले, याचा हिशेब त्यात आहे. खंड आपल्या विहारातच आहेत, वर्गणी काढून आणलेले. सगळे विहारात गेले. कपाटाला कुलूप. किल्ली कुणाकडे, यावर अर्धा तास चर्चा झाली. ती माजी खजिनदारांच्या मुलाकडे असल्याचे निष्पन्न झाले आणि तो तीन वर्षांपासून पुण्यात नोकरीला आहे. येत्या रविवारी कुलूप तोडायचे ठरले आहे. हातोडा आत्या आणणार आहेत.