शीळ घालणारा वकील

गिरडच्या टेकडीवर बाबा फरीदांच्या दर्ग्यात रात्र चढत जाते तशी रंगणारी कव्वाली ऐकत मी वाढलो. एकच ओळ घोळवायची, दाद आली की पुन्हा तीच उचलायची. म्हणूनच असेल, तीन-सव्वातीन मिनिटांत गाणं आटोपणाऱ्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचं मला भारी अप्रूप. त्यातही जी. एन. जोशींनी गायलेल्या ‘शीळ’चं.

‘शीळ’चे कवी ना. घ. देशपांडे आणि गायक जोशी दोघेही १९०९ सालचे, दोघेही वकिली शिकलेले. नाघंनी मेहकरला वकिली केली. जोशी गाण्याकडे वळले. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला एचएमव्हीने ‘शीळ’ काढली, तेव्हा फोनोवर नाट्यपदांचं राज्य होतं. नाटकातलं पद थेट पिटातल्या प्रेक्षकापर्यंत पोचवायचं, म्हणून आवाज खणखणीत आणि तानांची खैरात. आता मायक्रोफोन आला होता. शेजारी बसलेल्या एकट्याला ऐकवावं तसं गाता येत होतं. जोशींनी नेमकं तेच केलं. पहिले भावगीतगायक ते की जे. एल. रानडे, यावर हमरीतुमरीवर येणारे रसिक आहेत. खुशाल भांडोत.

ध्वनिमुद्रण मेणाच्या तबकडीवर व्हायचं. काटछाटीची सोय नाही. सूर चुकला की मेण बाद, गाणं पुन्हा पहिल्यापासून. ध्रुवपद, अंतरे, मधले वाद्यांचे तुकडे, सगळं त्या तीन मिनिटांत कोंबायचं. या शिस्तीत जोशींनी गांधारी हनगल, म्हणजे आपल्या गंगूबाई, यांच्याबरोबर द्वंद्वगीतंही गायली.

आणि मग दशकाच्या अखेरीस हा गायक एचएमव्हीच्या नोकरीत शिरला, दुसऱ्यांची गाणी मुद्रित करायला. कुणाकुणाचं गाणं सक्तीने बंद पडतं: जॉर्जियाच्या तमारा त्सेरेतेलीने १९२५ साली बोरिस फोमीनची एक चाल गाऊन गाजवली; पुढे चारच वर्षांत सोव्हिएत राजवटीने असली प्रेमगीतं बूर्ज्वा ठरवली. जोशींवर असली गदा कुणी आणली नव्हती. ते आपणहून काचेपलीकडे जाऊन बसले. बडे गुलाम अली, अमीर खाँ, बेगम अख्तर यांना त्यांनी मुद्रित केलं; त्या आठवणी जोशींच्या ‘स्वरगंगेच्या तीरी’ या पुस्तकात आहेत.

त्यांच्या कामाची गोष्ट मला सगळ्यात जास्त कळली ती १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या तबकडीतून. निर्माते जोशी, वादक तीन तरुण, शिवकुमार शर्मांचा संतूर, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, हरिप्रसादांची बासरी. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस अहिर भैरवापासून पहाडीपर्यंत रागांतून उलगडत जातो. आता हाताशी लाँगप्ले होती, तरी एकेक राग मोजक्या मिनिटांत बसवलेला, कुठे फापटपसारा नाही. शुद्धतावाद्यांना हे राग अर्धवट वाटतात. मला त्यात मेण वाया जाऊ न देणारा गवई ऐकू येतो. आणि विषय तरी कोणता निवडला? रानातली शीळ ऐकून जीव कासावीस झालेल्या मुलीचं गाणं ज्याने तरुणपणी गायलं, त्याने पन्नाशी उलटल्यावर रानातल्या माणसाचीच बाजू वाजवून घेतली. या तबकडीवर लिहिणारे काश्मीरचं वर्णन करून थांबतात. मेहकरचं नाव कुणी काढत नाही.